चिकूचे खुबे

राजा गेला त्या दिवशी दादानं घरातल्या सगळ्या सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या. शेवटची दोन वर्षं त्या बैठकीच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत अंथरलेल्या होत्या. गुळगुळीत टाइल्सवर राजाचे मागचे पाय दोन बाजूंना पसरत, तो मधेच बसून राही आणि पुन्हा उठणं त्याला जमत नसे. सकाळी बाहेर न्यायचं तर पोटाखालून पंचा घालावा लागे. पंच्याची दोन्ही टोकं वर धरून दादा चाले, पुढच्या दोन पायांवर राजा चाले. प्रतापनगरातल्या त्या घराच्या पायरीपासून फाटकापर्यंत जायला त्यांना दहा मिनिटं लागत. राजा लॅब्रॅडॉर होता, अकरा वर्षांचा होऊन गेला.

यंदा डिसेंबरात त्या सतरंज्या पुन्हा खाली आल्या, कारण चिकू आला. तोही लॅब्रॅडॉरच. दादाचा वर्ध्याचा एक जुना सहकारी आहे, त्याच्या घरच्या कुत्रीचं पिल्लू. मी गेलो त्या रविवारी चिकू पंधरा आठवड्यांचा होता आणि त्याच्यावरून बापलेकीत वाद चालला होता. माझी पुतणी सेमिनरी हिल्सच्या आमच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली. हे महाविद्यालय 1958 सालचं. विदर्भातल्या गाईगुरांच्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या तिथून बाहेर पडल्या. राजा आजारी पडला तेव्हा ती बारावीत होती. पशुवैद्यक व्हायचं तिनं तेव्हाच ठरवलं, असं वहिनी सांगते.

"काका, तुम्हीच सांगा बाबांना," मी चप्पल काढत होतो तेवढ्यात ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात चिकूला सोळा आठवडे पूर्ण होतात. त्याच्या खुब्यांचा एक्स-रे काढायचा म्हणते मी, तर हे ऐकतच नाहीत."

"कशाला ऐकू?" दादा म्हणाला. "लंगडतो का तो? पाहा बरं, कसा पळून राहिला. चांगल्या धडधाकट पिल्लाला भूल द्यायची, टेबलावर पाय ताणून झोपवायचं, कशासाठी? दुखलं खुपलं तर नेऊ की डॉक्टरकडे. ती तर घरातच डॉक्टर आहे."

"बाबा, राजा पण आठ महिन्यांचा होईपर्यंत असाच पळत होता."

दादा गप्प झाला. राजाचं नाव त्या घरात अजून जपून घेतात.

वादाचं मूळ समजायला खुबा समजून घ्यावा लागतो. पुतणीनं टेबलावरचं एक संत्रं घेतलं, एक वाटी घेतली आणि संत्रं वाटीत ठेवलं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा म्हणजे संत्रं, कमरेच्या हाडातली खोबण म्हणजे वाटी. शाळेत याला आपण उखळीचा सांधा म्हणत होतो. पिल्लू जन्मतं तेव्हा बहुतेक वेळा हा सांधा ठीकच असतो. पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत पिल्लू झपाट्यानं वाढतं. त्या काळात गोळा वाटीत घट्ट बसलेला राहिला तर वाटी त्याच्याभोवती खोल आणि गोल वाढते. सांध्याचं वेष्टन आणि आतला बंध सैल असला तर प्रत्येक पावलाला गोळा वाटीच्या काठावर सरकतो, काठ झिजवतो, वाटी उथळ राहते आणि गोळा चपटा होत जातो. पुढे कूर्चा झिजते, हाडावर कंगोरे येतात, सांधा आखडतो. याला हिप डिस्प्लेसिया म्हणतात. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर अशा मोठ्या, भराभर वाढणाऱ्या जातींत तो जास्त दिसतो. कुत्र्यांतला हा आजार 1935 साली अमेरिकेत श्नेल नावाच्या पशुवैद्यानं पहिल्यांदा नोंदवला.

"आणि लंगडण्याचं म्हणाल तर," ती पुढे म्हणाली, "हा आजार दोनदा येतो. पाच ते दहा महिन्यांच्या दरम्यान पिल्लू लंगडतं, सशासारखं दोन्ही मागचे पाय एकदम टाकून उड्या मारतं. मग वर्ष-दीड वर्षाचं झालं की वेष्टन जाड होतं, काठाची दुखापत भरून येते आणि दुखणं कमी होतं. आतला सांधा मात्र बिघडत जातो. म्हातारपणी कुत्रं पुन्हा लंगडतं, आणि मग त्यातून उठत नाही."

हे ऐकताना दादा माझ्याकडे पाहत होता. राजा आठ-नऊ महिन्यांचा असताना महिनाभर लंगडला होता. दादानं त्याच्या पायाला तिळाच्या तेलानं मालिश केली, बाजारातलं कॅल्शियमचं सिरप पाजलं, आणि राजा बरा झाला. ही गोष्ट दादानं इतक्या वर्षांत किती जणांना सांगितली असेल याची गणती नाही. आपल्या मालिशनं बरा झाला असं तो मानत आला होता.

"म्हणजे बरा झालाच नव्हता," दादा हळूच म्हणाला.

"नाही, बाबा. आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम पाजू नये. त्यानं हाडांच्या वाढीचं गणित बिघडतं. चांगलं पिल्लांचं खाद्य असलं की त्यात लागेल तेवढं कॅल्शियम असतंच."

वहिनीनं आतून सिरपची नवी बाटली आणली आणि मुकाट्यानं मुलीच्या हातात दिली.

मग पुतणी कपाटातून एक खाकी पाकीट घेऊन आली. त्यात राजाचा एक्स-रे होता, नऊ वर्षांचा असताना काढलेला. दादानं तो तेव्हा डॉक्टरच्या हातात पाहिला तेवढाच, घरी कधी बाहेर काढला नाही. तिनं तो खिडकीच्या उजेडात धरला. उजव्या बाजूला गोळा ओळखूच येत नव्हता. चपट्या, खडबडीत टोकासारखा दिसत होता. वाटी बशीसारखी उथळ झालेली. मानेभोवती पांढरे कंगोरे चढलेले.

"एक्स-रेनं मला हे सांगितलं ते केव्हा?" दादा म्हणाला. "सगळं झाल्यावर. मग तो घ्यायचा कशाला?"

"बाबा, तुम्ही तर माझंच म्हणणं बोलून राहिले. सगळं होण्याआधी घ्यायचा."

यावर दादानं जे विचारलं ते मला फार रास्त वाटलं. चार महिन्यांच्या पिल्लाच्या वाटीला अजून झीजच नाही, तर फोटोत दिसणार काय?

याच प्रश्नानं पशुवैद्यकांना कित्येक दशकं अडवून ठेवलं होतं. अमेरिकेतली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था 1966 साली निघाली आणि तिनं कुत्र्यांच्या खुब्यांचे एक्स-रे तपासून दर्जा द्यायला सुरुवात केली. युरोपात ए ते ई अशा पाच श्रेणी आहेत. या पद्धतींत कुत्रं पाठीवर झोपवतात, दोन्ही मागचे पाय सरळ मागे ताणतात आणि फोटो घेतात. गोळा वाटीत किती झाकला गेला, कोन किती भरतो, काठ कसा आहे, हे त्यावरून पाहतात. अमेरिकन संस्था पक्का दाखला कुत्रं 24 महिन्यांचं झाल्यावरच देते. त्याआधीचा निकाल प्राथमिक धरतात. दोन वर्षांपर्यंत कुत्र्याला पिल्लंही होऊन गेलेली असतात, हे वेगळं सांगायला नको.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले डॉ. गेल स्मिथ पशुवैद्यक होते आणि जैव-अभियांत्रिकीही शिकलेले होते. पाय सरळ मागे ताणले की सांध्याचं वेष्टन पिळलं जातं आणि गोळा आपोआप वाटीत दाबला जातो, हे त्यांनी दाखवलं. सैलपणा शोधायला घेतलेला फोटोच सैलपणा झाकतो. 1983 पासून त्यांनी यावर काम केलं आणि वेगळी पद्धत बसवली. पाय उभं राहिल्यासारखे सहज ठेवायचे आणि मांड्यांच्या मध्ये एक उपकरण ठेवून गोळा हलकेच बाहेरच्या बाजूला ओढायचा. मग किती सरकला ते मोजायचं. पुतणीनं संत्रं वाटीतून थोडं बाजूला केलं. संत्र्याचा मध्य वाटीच्या मध्यापासून जेवढा हलला, त्याला संत्र्याच्या त्रिज्येनं भागायचं. निम्म्या त्रिज्येएवढा हलला तर आकडा 0.50. आकडा 0.30 किंवा कमी असेल तर सांधा घट्ट, आणि पुढे संधिवात होण्याचा धोका फार कमी. आकडा जसजसा वर, तसतसा धोका जास्त. हे मोजमाप सोळाव्या आठवड्यापासून करता येतं. या पद्धतीचं नाव पेनहिप. ती शिकून प्रमाणपत्र घेतलेला डॉक्टरच असा फोटो काढू शकतो. त्यासाठी कुठे जावं लागेल याची चौकशी पुतणीनं आधीच करून ठेवली होती.

"समज 0.50 आला," दादा म्हणाला. "मग चिकू लंगडणारच?"

"नाही. तसं कोणीच सांगू शकत नाही. सैल खुब्याची कित्येक कुत्री आयुष्यभर ठीक चालतात. जर्मन शेफर्डमध्ये तोच आकडा जास्त वाईट, काही जातींत कमी. हे धोक्याचं माप आहे, बाबा."

"म्हणजे कुंडलीसारखंच झालं. साडेसाती आहे म्हणायचं, आणि काही झालं नाही तर शांत केली म्हणायचं."

"कुंडली सगळ्यांना काहीतरी भीती घालते. हा आकडा तसा नाही. कमी आला तर तो जवळजवळ खात्रीनं निर्धास्त करतो. घट्ट सांध्याच्या कुत्र्याला पुढे हा आजार क्वचितच होतो. जास्त आला तर सावध व्हायचं, एवढंच. वाईट आकड्यापेक्षा चांगल्या आकड्यावर जास्त विश्वास टाकता येतो."

हे तिचं वाक्य मी मुद्दाम लक्षात ठेवलं. तपासणीचा कागद हाती आला की आपण बहुतेक वाईट आकड्यालाच घट्ट धरून बसतो. माणसांच्या तपासण्यांतही तेच होतं.

दादा काही एवढ्यावर हरणारा नव्हता. तो म्हणाला, "सावध व्हायचं म्हणजे काय करायचं, ते सांग. वजन कमी ठेवायचं, टाइल्सवर पळू द्यायचं नाही, जिने चढवायचे नाहीत, असंच ना? ते तर एक्स-रे न काढताही करता येतं."

आणि इथे, मला म्हणावं लागेल, त्याचं म्हणणं फार वजनदार होतं. पुतणीनंही ते प्रामाणिकपणे मान्य केलं, आणि वरून त्याच्याच बाजूचा पुरावा दिला. 1987 साली अमेरिकेत एका मोठ्या खाद्य कंपनीच्या शास्त्रज्ञांनी 48 लॅब्रॅडॉर पिल्लं घेतली, एकाच वेतातली पिल्लं जोडीजोडीनं, अशा 24 जोड्या. जोडीतल्या एकाला जेवढं दिलं त्याच्यापेक्षा पाव हिस्सा कमी दुसऱ्याला, आणि तेही जन्मभर. दोन वर्षांच्या वयाला त्यांचे एक्स-रे काढले. जास्त खाणाऱ्या 24 पैकी 16 कुत्र्यांत डिस्प्लेसिया, कमी खाणाऱ्या 24 पैकी 7 कुत्र्यांत. आईबाप तेच, फरक फक्त ताटाचा. कमी खाणारी कुत्री 13 वर्षं जगली आणि जास्त खाणारी 11.2, मध्यक आयुष्य धरून. एक्स-रेत खुब्याचा संधिवात दिसायला जास्त खाणाऱ्यांत मध्यक वय 6 वर्षं, कमी खाणाऱ्यांत 12.

"बारा वर्षं!" दादा म्हणाला. राजा अकराव्या वर्षी गेला होता.

नॉर्वेतला एक अभ्यासही तिनं सांगितला. न्यूफाउंडलंड, लॅब्रॅडॉर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड अशा चार जातींच्या 501 कुत्र्यांचा, 2012 सालचा. पहिल्या तीन महिन्यांत ज्या पिल्लांना जिने चढावे-उतरावे लागले त्यांच्यात डिस्प्लेसियाचा धोका जास्त. जी मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळी हिंडली त्यांच्यात कमी.

आपल्या नागपुरात याचा अर्थ घरोघरी लागू होतो. गेल्या वीस वर्षांत फरशीच्या जागी आरशासारख्या चकचकीत टाइल्स आल्या. गच्चीचा जिना बाहेरून असतो. उन्हाळ्यात 45 अंशांच्या झळा सुरू झाल्या की कुत्रं दिवसभर त्याच टाइल्सवर लोळतं आणि फिरायला कोणी नेत नाही. वर पोळीला तूप, दुपारी वरण-भात, आणि "खाणारं कुत्रं आहे, खाऊ द्या" म्हणून भरवणं. कुत्रं गोल झालं की आम्ही त्याला तब्येत म्हणतो. बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत आणि वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे, हे पशुवैद्य सांगतात तेव्हा आपल्याला वाटतं डॉक्टर कुत्र्याला उपाशी मारायला निघाला. दादाचा राजा शेवटी 44 किलोचा होता. त्या वजनाचा प्रत्येक किलो त्या चपट्या गोळ्यावर पडत होता.

"मग काढायचाच कशाला?" दादानं पुन्हा विचारलं, पण आता आवाजात चीड नव्हती.

"तीन कारणं, बाबा. एक तर तुम्ही चिकूला कमी खाऊ घालणार नाही. आकडा समोर असला तर घालाल." दादानं मान हलवली. "दुसरं असं की काही गोष्टींना मुदत असते. पिल्लू बारा ते वीस आठवड्यांचं असताना कमरेच्या हाडाच्या पुढच्या सांध्यातली वाढीची रेघ एका लहान शस्त्रक्रियेनं बंद करता येते. मग बाकीचं हाड वाढताना दोन्ही वाट्या आपोआप गोळ्यांवर झुकतात, झाकण वाढतं. जितक्या लवकर तितका उपयोग. ती वेळ गेली की हा उपाय गेला. त्यानंतर दहा महिन्यांपर्यंत हाड कापून वाटी वळवण्याची मोठी शस्त्रक्रिया असते, तीही सांधा झिजला नसेल तरच. मग राहतो कृत्रिम सांधा किंवा गोळाच काढून टाकणं. राजाच्या वेळी आपण शेवटच्या पायरीवर पोचलो होतो."

वाटी झुकवून गोळा झाकण्याची ही कल्पना ऐकताना मला आपल्या घरातली एक जुनी सवय आठवली. तान्ह्या बाळांचे खुबेही असेच निसटते असू शकतात. बालरोगतज्ज्ञ नवजात बाळाचे पाय वाकवून, बाहेर फाकवून एक खट्ट असा आवाज किंवा धक्का लागतो का ते तपासतात. या तपासणीला इटालियन डॉक्टर मारिनो ऑर्तोलानी यांचं नाव आहे, आणि हीच तपासणी पशुवैद्य पिल्लांवरही करतात. बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळून ठेवणाऱ्या समाजांत खुबे निसटण्याचं प्रमाण जास्त दिसतं, आणि बाळाला पाय फाकवून अंगावर घेणाऱ्या समाजांत कमी. आपल्याकडच्या बाया पोराला कडेवर घेतात, पाय कमरेच्या दोन्ही अंगांना. त्या बसण्यात गोळा वाटीच्या मधोमध राहतो आणि वाटी त्याच्याभोवती वाढते. आजीनं हे शास्त्र म्हणून केलं नाही. पण वाढीच्या काळात गोळा जागेवर राहणं किती मोलाचं आहे, हे त्यातून कळतं.

"आणि तिसरं?" मी विचारलं, कारण पुतणी थांबली होती.

"तिसरं चिकूसाठी नाही," ती म्हणाली. "ते त्याच्या भावंडांसाठी आहे. पण आधी बाबांचं खरं काय ते विचारा. ते भुलीला घाबरत नाहीत."

दादा बराच वेळ अंगणात पाहत बसला. मग बोलला.

"आकडा वाईट निघाला तर लोक काय करतात, माहीत आहे ना? तू स्वतःच सांगितलं होतं. फुटाळा तलावावर गेल्या वर्षी एक जर्मन शेफर्ड सापडली, गळ्यात पट्टा, मागचे पाय ओढत चाललेली. कोणीतरी गाडीतून आणून सोडली. ते कुत्रं निदान मोठं होतं, घरात राहून गेलेलं. आता तू म्हणतेस पिल्लाचाच फोटो काढा. म्हणजे चार महिन्यांतच कळेल कोण नापास. मग ती पिल्लं कुठे जातील? विकणारा परत घेईल? परत घेऊन काय करेल? माझ्या घरात चिकू आहे म्हणून मी म्हणून राहिलो नाही. हा फोटो लोकांच्या हातात दिला तर तो पिल्लाच्या विरुद्धच वापरतील."

मला वाटतं, अख्ख्या दुपारचं सर्वांत खरं बोलणं हेच होतं. नापास ठरलेल्याला घरात ठेवायला आपल्या समाजात मन लागतं, आणि ते सगळ्यांकडे नसतं. फुटाळा, अंबाझरी, रिंग रोड, कुठेही सकाळी हिंडून पाहा, पट्टा असलेली जातिवंत कुत्री रस्त्यावर दिसतात.

पुतणीनं बापाला उत्तर दिलं नाही, आधी त्याचा हात धरला. मग म्हणाली, "बाबा, म्हणूनच तिसरं कारण. पिल्लाचा एक्स-रे हा सगळ्यात शेवटचा एक्स-रे असायला पाहिजे. पहिला त्याच्या आईचा आणि बापाचा. पिल्लं जन्माला यायच्या आधी. मग नापास व्हायला पिल्लूच जन्माला येत नाही."

दादा म्हणाला, "आपल्या देशी कुत्र्यांत कोण एक्स-रे काढतं? लातूर-नांदेडकडची कारवान पाहिली ना, कशी वाऱ्यासारखी धावतात. त्यांचे खुबे कोणी पाहिले?"

"त्यांच्या मालकांनी पाहिले. शेतात सशामागे धावू न शकणाऱ्या कुत्र्याची पिल्लं कोणी ठेवलीच नाहीत. पिढ्यान् पिढ्या धावण्यानंच निवड केली. वेगानं धावणाऱ्या शिकारी जातींचे खुबे जगभर घट्टच असतात, ग्रेहाउंड घ्या, बोरझोई घ्या. लॅब्रॅडॉरची निवड आपण कशानं करतो? डोकं मोठं, रंग चांगला, वंशावळीचा कागद. धावून कोणीच पाहत नाही. मग एक्स-रेनं तरी पाहा."

आणि निवड केली की फरक पडतो, याचा पुरावा आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये द सीइंग आय ही संस्था अंध माणसांसाठी वाटाड्या कुत्री तयार करते आणि स्वतःच पैदास करते. खुब्यांच्या मोजमापावरून आईबाप निवडायला त्यांनी सुरुवात केली. पाच पिढ्यांच्या आतच त्यांच्या जर्मन शेफर्डमधलं डिस्प्लेसियाचं प्रमाण 55 टक्क्यांवरून 24 वर आलं, लॅब्रॅडॉरमधलं 30 वरून 10 वर. एकाही पिल्लाला रस्त्यावर सोडावं लागलं नाही. आईबाप कोण हे ठरवतानाच काम झालं. पण तिथे सगळ्या कुत्र्यांची मापं एका ठिकाणी नोंदवलेली होती. ज्या देशांत मालकानं स्वतः दाखला मागायचा असतो, तिथे चांगला फोटो भिंतीवर लागतो आणि वाईट फोटो पाकिटात राहतो. पेनहिपनं यासाठीच नियम केला की काढलेला प्रत्येक फोटो, चांगला असो वा वाईट, पाठवलाच पाहिजे.

आपल्याकडे 2017 सालच्या केंद्राच्या नियमांनी कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक केली आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई केली. हे चांगलंच झालं. पण गिऱ्हाईक अजून विचारतं ते एवढंच की कागद आहे का आणि लसी झाल्या का. राजा घेतला तेव्हा विकणाऱ्यानं दादाला तीन पिढ्यांची वंशावळ दाखवली होती, त्यात दोन विजेती नावं होती. खुब्यांबद्दल त्यात एक शब्द नव्हता आणि दादानंही विचारला नाही. त्याला विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. राजाचं अकरावं वर्ष तिथेच ठरलं होतं.

माझं मत मी दोघांनाही सांगितलं, आणि इथेही सांगतो. पिल्लाचा एक्स-रे काढावा, पण दोन अटींवर. निकाल काहीही आला तरी पिल्लू घरातच राहील, आणि निकालावर काहीतरी करण्याची तयारी असेल. नुसती भीती विकत घ्यायला भूल देऊ नये. वजन आटोक्यात ठेवणं, टाइल्सवर सतरंजी टाकणं, जिना टाळणं आणि मोकळ्या मातीवर हिंडवणं या गोष्टींना एक्स-रेची वाट पाहायची नसते. त्या सगळ्यांनी सगळ्या पिल्लांसाठी करायच्या. पण आईबापांचा एक्स-रे मात्र काढलाच पाहिजे. त्यात कुणाचं नुकसान नाही.

दादा उठला आणि फोन लावला. वर्ध्याच्या सहकाऱ्याला त्यानं सरळ विचारलं, चिकूच्या आईच्या खुब्यांचा कधी एक्स-रे काढला का. नव्हता काढला. तिला पुढच्या माजावर पुन्हा दाखवायचं ठरलं होतं, नागपूरच्याच एका कुत्र्याकडे. दादा दहा मिनिटं बोलला. राजाचं सगळं सांगितलं, पंच्याचंसुद्धा, जे मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग फोन मुलीच्या हातात दिला. तिनं आईचं वय विचारलं, पाच वर्षं. म्हणजे तिचा फोटो आता सगळं खरं सांगेल. त्या नागपूरच्या कुत्र्याच्या मालकालाही विचारा, असं तिनं सुचवलं.

चिकूचा एक्स-रे पुढच्या आठवड्यात आहे. वर्ध्याची कुत्री या माजावर दाखवायची नाही, तिचा फोटो आल्यावरच ठरवायचं, असं त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी कळवलं. तुम्ही मोठ्या जातीचं पिल्लू घ्यायला निघाला असाल तर वंशावळीच्या कागदाआधी त्याच्या आईबापांच्या खुब्यांचा एक्स-रे मागा. दाखवता आला नाही, तर थांबा.